वैऱ्याची खुर्ची

आमच्या ऑफिसात एक खुर्ची होती, तिच्यावर बसणाऱ्याने फक्त वाईट बोलायचं. ही प्रथा हुपरीकर सरांची. कोल्हापुरातलं आमचं ऑफिस रोपवे तपासायचं. कुठल्याही डोंगरावर नवा रोपवे झाला की 'चालवायला हरकत नाही' असा दाखला आम्ही द्यायचो. दाखल्यावर सही होण्याआधी सगळ्यांनी गोल करून बसायचं, एकाने त्या खुर्चीत बसून रोपवेचा वैरी व्हायचं आणि हा डबा कसा कसा पडेल ते सांगत सुटायचं. 'मन चिंती ते वैरी न चिंती' असं आपण काळजी करणाऱ्याची समजूत घालायला म्हणतो. सर म्हणायचे, आपल्याला नेमका त्याचाच पगार मिळतो, तेव्हा चिंता पोटभर. या बैठकीला आम्ही वैरी-बैठकच म्हणायचो.

मी फार चांगली वैरी होते. आपल्या तोंडाने सांगायचं तर ऑफिसातली सगळ्यात चांगली. खुर्चीत बसले की चित्रं आपोआप यायची. गंजलेला बोल्ट, वळवाचा वारा, दोराला लोंबकळलेलं माकड, डुलकी लागलेला ऑपरेटर. एकदा मी खांबावर मधमाश्यांचं पोळं असेल म्हटलं तेव्हा सगळे हसले. मग कोणीतरी शंका नको म्हणून वर चढून पाहिलं, तर चौथ्या खांबावर पोळं होतं. पुढचे काही दिवस माझ्याशी कोणी चेष्टेत बोललं नाही.

पण खुर्चीतून उठलं तरी मन काही खुर्चीत राहायचं नाही, ते माझ्याबरोबर घरी यायचं. केतकीची, म्हणजे माझ्या मुलीची, सहल गेली की मला दरीतली बस दिसायची. निनादला, नवऱ्याला, यायला उशीर झाला की मी त्याच्या विम्याचे कागद कुठे आहेत ते आठवत बसायचे. तो म्हणायचा, तुझ्या डोक्यात कायम कुणाचं तरी तेरावं चालू असतं. मुख्य तपासनीसाच्या जागेसाठी मी तीनदा मुलाखत दिली आणि तिन्ही वेळा फजिती करून घेतली. समोरचे लोक प्रश्न विचारायच्या आधीच मला त्यांचे पडलेले चेहरे दिसायचे आणि येणारी उत्तरंही मी चुकवायचे. सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागेवर माझ्याहून सहा वर्षांनी लहान मुलगा आला. त्याच महिन्यात मी 'तथास्तु' घेतली.

यशाची कल्पना करा, यश मिळेल, असं सांगणारे लोक पूर्वीही होते. त्यांची शिबिरं व्हायची, तिथे डोळे मिटून स्वतःला मोठ्या खुर्चीत बसलेलं पाहायचं. त्यांचं म्हणणं अर्धं खरं होतं. कालची आठवण काढायला मेंदू जी यंत्रणा वापरतो, उद्याची कल्पना करायलाही तीच वापरतो, त्यामुळे मनातल्या मनात शंभरदा नीट पार पडलेली मुलाखत मेंदूच्या लेखी जवळजवळ दिलेलीच असते. प्रत्यक्ष तिथे गेल्यावर हातपाय कापत नाहीत. अडचण एवढीच की साध्या माणसाची कल्पना त्याच्या हुकमात नसते. आंबा डोळ्यांपुढे आणायला बसावं, तर तो कापल्यावर आतली अळी आधी दिसते.

'तथास्तु' ती अळी काढायची. कानामागून मानेवर बसणारी ती एक पातळ पट्टी होती, केसांत दिसायचीही नाही. वाईट चित्र मनात उमटायच्या किंचित आधी मेंदूच्या आतला बदामाएवढा एक भाग पेटतो. भीतीचं ठाणं तिथे असतं. पट्टीला ते पेटणं कळायचं. ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडून ती त्या भागाला शांत करायची आणि त्याच घटनेचं चांगलं चित्र ठळक करायची. झोपेत मेंदू दिवसभराची उजळणी करतो, तेव्हा पट्टी फक्त चांगल्या चित्रांची उजळणी करून घ्यायची. काही महिन्यांत मेंदूला तेच वळण लागायचं. घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हे आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेलं आहे. कंपनीने नाव तिथूनच उचललं होतं.

आणि ती पट्टी चालायची, हे मान्य केलं पाहिजे. तो मुलगा बदली होऊन गेला, तेव्हा चौथ्या मुलाखतीला मी घरच्या दिवाणखान्यात बसावं तशी बसले. मुख्य तपासनीस झाले. सभांत बोलू लागले, गाडी घाटातही मजेत चालवू लागले, रात्रीची झोप लागू लागली. निनादने माझ्याकडे पाहून स्वतःसाठी घेतली. मग ऑफिसने सगळ्यांनाच दिली. घरात हसणं वाढलं. तेव्हा मी सुखी होते, हे मी आजही नाकारणार नाही.

केतकीला मात्र वेगळंच काही जाणवत होतं. अठरा वर्षांखालच्यांना तेव्हा पट्टी मिळत नसे, आणि ती अकराची होती. एकदा ती मैत्रिणीकडून अंधार पडल्यावर घरी आली. मी टीव्ही बघत होते. तिने चपला काढल्या, माझ्यासमोर उभी राहिली आणि विचारलं, मी आता तिची काळजी करत नाही का. मी हसून म्हटलं, अगं, घेते की. तुझा डबा, तुझे कपडे, तुझा अभ्यास, सगळं मीच तर बघते. ती म्हणाली, "घेत नाहीस असं नाही म्हणाले मी. करत नाहीस म्हणाले."

मला ते बोलणं गोड वाटलं. मी ते निनादला सांगितलं आणि आम्ही दोघं हसलो.

भैरोबाच्या डोंगरावरचा रोपवे तयार झाला तो चैत्राच्या तोंडावर. यात्रेच्या पहिल्या दिवशी उद्घाटन ठरलं होतं. यंत्रसामग्री परदेशातली, बर्फाच्या डोंगरांवर वर्षानुवर्षं चाललेली. एकच जाड दोर सतत फिरत राहतो. डबा स्टेशनातून निघताना त्याच्या डोक्यावरची पकड दोराला चावा घेतल्यासारखी धरते आणि वर पोचल्यावर सोडते. पकड नीट बसली की नाही ते कॅमेरे बघतात. माझ्या तपासणीचे आकडे चोख होते. राहिली होती ती वैरी-बैठक.

मीच खुर्चीत बसले. सगळे माझ्याकडे बघत होते, सगळ्यांच्या मानेवर पट्ट्या. मी डोळे मिटले आणि डबा पाडायला लागले. डबा पडेना. मला दिसली ती हसरी माणसं, वर पोचलेल्या म्हाताऱ्या, कळसावर पडलेलं ऊन. मी बोल्ट सैल करायला गेले तर तो घट्ट असलेला दिसला. वारा सोडला तर तो झुळूक होऊन आला. बराच वेळ झाल्यावर कोणीतरी म्हणालं, मॅडम, या वेळी वैरी संपावर गेलाय. सगळे हसले, मीही हसले आणि सही केली.

घरी जाताना गाडीत मात्र एक विचार आला. मला काहीच वाईट दिसलं नाही म्हणजे रोपवे चांगला आहे असं नाही, मला दिसणं बंद झालं आहे. विचार अगदी स्पष्ट होता, एखादं गणित सुटावं तसा. त्याच्यामागून भीती यायला हवी होती, ती काही आली नाही. मी पट्टी काढायला हात वर नेला. तिला साधी कळ होती, दाबली की निघायची. हात मानेपर्यंत गेला आणि केस सारखे करून खाली आला. मनात चित्र आलं: उद्या सकाळी, चहा घेता घेता, मी पट्टी काढून टेबलावर ठेवते आहे. इतकं छान चित्र होतं की घाई कशाला करायची.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, आणि तिसऱ्या दिवशीही. पट्टी काढायला हवी, हा विचारच मुळात एका वाईट चित्रापासून सुरू होतो, आणि ते चित्र उमटू द्यायचं नाही हेच तर तिचं काम. तुरुंगातल्या माणसाला निदान भिंत दिसते. मला जिकडे पाहावं तिकडे उघडं दारच दिसत होतं, आणि त्यातून मी केव्हाही जाईन अशी खात्री वाटत होती. शेवटी मी निनादला म्हटलं, तू काढ माझी. तो प्रेमाने म्हणाला, काढू की, यात्रा होऊन जाऊ दे. त्याच्याही मानेवर पट्टी होती.

यात्रेच्या दिवशी डोंगराखाली पाय ठेवायला जागा नव्हती. पालखी निघाली आणि गुलाल उडाला. भैरोबाचा गुलाल म्हणजे चिमूटभर कपाळाला लावायचा नसतो, पोत्यांनी उधळायचा असतो. माणसं, झाडं, स्टेशनची पत्र्याची शेड, सगळं गुलाबी झालं. मान म्हणून पहिल्या डब्यात मला बसवलं. केतकीला मी बरोबर घेतलं होतं. निनाद खाली गर्दीत उभा राहून हात हलवत होता. आमच्या मागून भाविकांनी भरलेले डबे सुटले; लगेच मागच्या डब्यातले एक आजोबा केतकीकडे पाहून हसत होते.

निम्म्या वाटेवर एक हिसका बसला आणि दोर थांबला. खाली दरी होती, दरीत करवंदीच्या जाळ्या. मी केतकीला म्हटलं, बघ, कसा छान देखावा आहे. तेवढ्यात डब्यातला फोन वाजला. खालच्या स्टेशनातून संग्राम बोलत होता, रोपवेचा ऑपरेटर, मुरगूडकडचा हुशार पोरगा.

"मॅडम, काय न्हाई, जरा दोर थांबलाय. बोर्डावर समदं हिरवं हाय. तुमी फकस्त हो म्हणा, चालू करतो."

मी हो म्हणणार होते. तोंड उघडलं होतं. माझ्या मनात आम्ही वर पोचलोही होतो, केतकी पायऱ्या चढत होती. पण केतकीने माझा दंड धरला होता, आणि तिची नखं कातडीत रुतत होती. मी सवयीने म्हटलं, घाबरू नकोस.

"तू घाबर ना," ती म्हणाली. तिला रडू फुटलं होतं. "मी एकटीच घाबरतीये. तू पण घाबर ना थोडं."

आयुष्यात मला इतकं असहाय कधी वाटलं नव्हतं, असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मला काहीच वाटलं नाही. लेक माझ्या दंडाला लटकून थरथरत होती आणि माझ्या आत चैत्राची प्रसन्न सकाळ होती. पण ते गाडीतलं गणित मला पुन्हा आठवलं. मला दिसत नाही. हिला दिसतंय. मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि विचारलं, तुला काय दिसतंय ते सांग, सगळं सांग, कितीही वाईट असलं तरी.

ती हुंदके देत म्हणाली, "आपण मागे सरकलो ना मघाशी. आता परत सरकणार. मग मागच्या डब्यावर आपटणार. त्यात ते आजोबा आहेत."

मागे सरकलो. हिसका बसला तेव्हा डबा हातभर मागे घसरला होता. मी आत उभी होते, माझ्या पायांना ते कळलं होतं, आणि तरी मी त्याची दखल घेतली नव्हती. डबा दोरावर घसरला याचा अर्थ पकड सुटते आहे, हे आमच्या ऑफिसातल्या कुणीही झोपेत सांगितलं असतं. माझ्याकडे वीस वर्षांची माहिती होती, पण ती बाहेर काढायला आधी कुठेतरी धस्स व्हावं लागतं. ते माझं होत नव्हतं. केतकीचं झालं होतं, आणि मी तिचं धस्स होणं उसनं घेतलं.

फोनवर मी म्हटलं, "संग्राम, चालू करायचं नाही. पकड सुटते आहे असं धरून चाल. सगळ्यांना दोरीने उतरवायचं."

"पण मॅडम, बोर्ड तर हिरवा—"

"बोर्ड विसर."

तो म्हणाला, बरं मॅडम. त्याच्या आवाजातही काही काळजी नव्हती. मी चहा टाकायला सांगितल्यासारखा तो कामाला लागला. पट्टी त्याच्याही मानेवर होती.

आम्हाला उतरवायला दुपार झाली. तोवर केतकीने माझ्या मानेवरची कळ दाबून पट्टी काढली आणि खिडकीच्या फटीतून खाली टाकून दिली. मी तिला सांगितलं नव्हतं, आणि अडवलंही नाही. आम्हा दोघींना एकाच पट्ट्यात बांधून करवंदीत उतरवलं. मागच्या डब्यांतले लोकही एकेक करून उतरले. कोणाला काही झालं नाही.

नंतर आमच्याच लोकांनी पाहिलं, तर पकडीच्या दातांत गुलाल दाबून भरला होता आणि कॅमेऱ्यांच्या काचांवर त्याचा थर बसला होता. काच झाकली गेली तर ती तापवून बर्फ वितळवायची सोय त्या यंत्रात होती. गुलाल वितळत नाही, तापवला की आणखी घट्ट बसतो. आणि काच साफ होईपर्यंत शेवटचं चांगलं चित्र धरून चालायचं, असं त्या यंत्राला शिकवलेलं होतं. म्हणून बोर्ड हिरवा; दोर थांबला होता तो फक्त घसरणीच्या हिसक्याने. बर्फाची चाचणी झाली होती, गुलालाची झाली नव्हती. भैरोबाच्या यात्रेत गुलाल असतो हे आमच्या ऑफिसातल्या प्रत्येकाला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं. वैरी-बैठकीत ते कुणालाही आठवलं नाही.

पुढे जे झालं त्यावर हसावं की रडावं कळत नाही. चौकशीत मला बोल लागला नाही, उलट कौतुक झालं. कंपनीने माझा फोटो जाहिरातीत छापला: अधांतरी लटकतानाही जिचा तोल ढळला नाही. मी त्यांना लिहून कळवलं की निर्णय माझा नव्हता, एका घाबरलेल्या मुलीचा होता. त्यांचं फार आनंदी उत्तर आलं.

पट्टी गेली तरी भीती काही परत आली नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पेटणारा भाग शाबूत आहे, पण त्याच्यापासून चित्रांपर्यंत जाणारी वाट वापराविना बुजली आहे. हळूहळू मोकळी होईल, किंवा नाही होणार. मी नोकरी सोडली. सोडताना वाईट वाटलं नाही. आता सकाळी गाडी काढायच्या आधी मी केतकीला विचारते, रस्त्यात काय होऊ शकेल, आणि ती सांगते ते ऐकून गाडी चालवते. भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत कुणावर विश्वास ठेवायचा तेही तीच ठरवते. निनादने पट्टी काढलेली नाही. काढतो म्हणतो.

केतकी बाराची झाली. रात्री ती उठून गॅसची बटणं बघते, दाराची कडी बघते, मग आमच्या खोलीत येऊन आम्ही दोघं श्वास घेतो आहोत ना ते बघते. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसतं. मला ते दिसतं, आणि होईल ठीक असंच वाटतं.

गेल्या आठवड्यात पट्टीसाठी वयाची अट बारावर आणली. पालकांची संमती लागते. फोनसमोर आईने किंवा वडिलांनी मोठ्याने 'तथास्तु' म्हणायचं, झालं. निनाद म्हणायला तयार होता. केतकी म्हणाली, बाबा नको, आईने म्हणायचं. ती फोन घेऊन माझ्यासमोर बसली.

"वर्गात सगळ्यांनी लावली आहे," ती म्हणाली. "मला झोप येत नाही, आई. मी माझं घाबरते, तुझंपण घाबरते, बाबांचंपण घाबरते. मला एकटीला नाही जमत."

मी डोळे मिटून पाहिलं. पट्टी लावलेली केतकी मला दिसली. ती गाढ झोपली होती, मग मोठी झाली होती, स्टेजवर उभी राहून बोलत होती, आणि हसत होती. त्या चित्रात एकही डाग नव्हता. मी डोळे उघडून तिलाच विचारलं, तू पट्टी लावलीस तर काय वाईट होईल.

फोनची स्क्रीन विझली, तिने ती पुन्हा लावली. मग म्हणाली, "मग घरात गॅस कोण बघणार?" आणि फोन माझ्याकडे सरकवत म्हणाली, "पण मला नाही बघायचा गं."

मी तो शब्द उच्चारला नाही. ती उठली, तिने खोलीचं दार आपटून लावून घेतलं, आणि त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही. रात्री स्वयंपाकघरात तिची पावलं मात्र वाजतात. मी तिला वाचवण्यासाठी नाही म्हटलं, की घरात एक घाबरणारं माणूस मला हवं आहे म्हणून, हे मी अंथरुणात पडून स्वतःला विचारते. उत्तर दर वेळी येतं, आणि दर वेळी ते छानच असतं.